अंगठ्याचं पाणी

माझ्या सासूबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा मी प्यायलेली आहे. दचकू नका. अंगठा म्हणजे अंगठा धुतलेलं पाणी. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून, वर चिंधीचं बूच मारून, जीपमध्ये बसून ते माझ्यापर्यंत आलं होतं. एवढ्या इतमामाने आमच्याकडे नवरदेवसुद्धा येत नाही.

अडलेल्या बाईला सासूच्या अंगठ्याचं पाणी पाजायची रीत आमच्या भागात होती. सुनेने कधी ना कधी, मनातल्या मनात का होईना, सासूचा अपमान केलेला असतो. ते पाप पोटात मुलाच्या वाटेत आडवं बसतं. पाणी प्यालं की पाप फिटतं आणि वाट मोकळी होते, असं सांगायचे. आता मनातल्या मनात म्हणाल, तर माझ्याकडे एवढा साठा होता की बाटलीने काय भागणार, हौद लागला असता.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी एकोणीस वर्षांची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मला आणून ठेवलेलं. माहेर मंठ्याजवळ. सासर परतूरच्या पलीकडे. आणि आमचे हे या दोन्ही गावांपासून लांब, नवीन जालन्यात एका बियाण्याच्या गोदामात कामाला. शहरातल्या मस्तगड भागात एक खोली घेऊन राहायचे आणि पंधरा दिवसांनी आईला भेटायला जायचे. मला जालन्याला न्यायचं ठरत होतं. लग्न झाल्या दिवसापासून ठरतच होतं.

गुरुवारी सकाळी अंगणात सडा टाकताना पहिली कळ आली. मी बादली खाली ठेवली, कळ जाऊ दिली आणि उरलेला सडा टाकला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. आई म्हणाली, "त्यो कोपरा राह्यला."

दुपारभर मी माजघरात येरझारा घातल्या. ऊन कलल्यावर कळा एकीवर एक यायला लागल्या, तेव्हा सुईणीला बोलावलं. सुईण म्हणजे गावातली म्हातारी, एक डोळा कायम अर्धा मिटलेला, माझीही नाळ तिनेच कापलेली. मूल बाहेर येईपर्यंत गावभरच्या भानगडी सांगत बसायची तिची सवय. कुणाची सून कुणाशी बोलली, कुणी कुणाचा बांध कोरला. बाळंतीण कळा विसरून विचारायची, "मंग? मंग काय झालं?" आणि तेवढ्यात मूल हातात. त्या दिवशी तिने तेलाचा हात माझ्या पोटावरून फिरवला, पुन्हा फिरवला, आणि एकही भानगड न सांगता हात धुवायला बाहेर गेली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाहेर आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसलेले होते. तिचा आवाज मला दाराआडून स्वच्छ ऐकू आला.

"बापू, डोकं खाली न्हाई. आडवं बसून राह्यलंय लेकरू. माझ्या हातचं काम न्हाई हे. जीप काढा अन् जल्दी जालन्याला न्या. मंठ्यात न्हाई भागायचं."

जीप चुलत्यांची होती आणि आमच्याच दारात उभी असायची. माझा थोरला भाऊ, दादा, ती चालवायचा. तिच्यात डिझेल होतं. चाकं चारच्या चार होती. दादा घरात होता. सगळं होतं.

आबा म्हणाले, "तिथं पोट फाडत्यात."

"फाडू द्या की. शिवत्यात बी तेच."

आई चुलीपासून उठून बाहेर गेली. "असं कसं? लेक आपली हाय, पण पोटातलं त्यांचं हाय. उद्या काही कमीजास्त झालं तर इनबाई काय म्हणतील? न इचारता नेलंच कसं? आधी त्यांच्या अंगठ्याचं पाणी आणू. त्याच्यात इचारणं बी व्हतंय अन् वाट बी मोकळी व्हतीय."

माझी आई हुशार बाई होती. एका फेरीत दोन कामं.

सुईण आत आली, माझ्या उशाशी उकिडवी बसली. तिच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. "पोरी, त्यांचं जाऊ दे. तू सांग. जायचं का?"

आता हे सांगताना मला पदराआड तोंड लपवावंसं वाटतं, पण सांगते. मी म्हणाले, "आत्याबाईंना इचारा आधी."

सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. सासरी मी ताटात वरून मीठ घ्यायलासुद्धा त्यांना विचारत असे. माहेरी यायला निघाले तेव्हा डोक्याला तेल किती लावू, तेही विचारलं होतं. अशी मुलगी, पोटाला सुरी लावायची म्हटल्यावर न विचारता कशी जाईल? मला वाटलं, मी किती शहाण्यासारखं बोलले. आईच्या चेहऱ्यावर अभिमान दिसला. सुईणीने फक्त मिटका डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

बरं, ठरलं तर ठरलं, लगेच निघावं ना? नाही. तोवर दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर कुणी घरातून मीठ देत नाही, विरजण देत नाही, मग अंगठ्याचं पाणी कोण देणार? सकाळची वाट बघायची ठरली. मधली रात्र मी वगळते. तिच्यात हसण्यासारखं काही नाही.

शुक्रवारी उजाडल्यावर दादा जीप घेऊन माझ्या सासरी गेला. तिथे काय झालं ते मला दादानेही सांगितलंय आणि आत्याबाईंनीही. दोघांनीही मोठ्या अभिमानाने सांगितलंय आणि दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही, म्हणून ते खरंच मानायला हवं.

दादा ओसरीवर गेला आणि उभ्या-उभ्याच म्हणाला, "मावशी, ती अडलीय. कालपास्नं. तेवढं पाणी द्या, मी निघतो."

आत्याबाई म्हणाल्या, "आधी बस तरी. उन्हातनं आलास."

"बसत न्हाई मावशी. तिकडं ती तडफडून राह्यली."

"तडफडत्यातच बाळंतिणी. मी सहा काढली. पाणी घे, चहा घे, जेव, मंग जा."

"जेवायचं राहू द्या."

यावर आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले. हे कमरेवर हात ठेवणं मला अजून हुबेहूब जमतं. "राहू द्या म्हंजे? सुनेचा भाऊ माझ्या दारातनं उपाशी जाईल? गाव काय म्हणंल? अन् तुला सांगते बाबा, उपाशी माणसाच्या हातनं तीर्थ धाडलं ना, तर ते पोचेस्तोवर निस्तं पाणी व्हतंय."

दादा बसला.

नुसती भाकरी-पिठलं करून वाढलं असतं तर मी आत्याबाईंना दोष दिला नसता. पण व्याह्यांकडचा माणूस पहिल्यांदाच एकटा आलेला. त्यांनी माळ्यावरून शेवयांचा डबा काढला. शेवयांना दूध लागतं. सकाळचं दूध डेअरीला गेलेलं. मग धाकट्या नणंदेला तीन घरी पाठवलं. तिसऱ्या घरी म्हैस होती, पण ती पारड्याशिवाय दूध देत नव्हती, आणि पारडू सुटून पळालेलं. मग पारडू धरून आणलं. इकडे तुरीचं वरण शिजत होतं, वांगी चिरली जात होती. दादा ओसरीवर बसून होता. मध्ये एकदा उठला तर सासरे म्हणाले, "पाव्हणं, जीपला काय अॅव्हरेज देते?" दादाला जीपविषयी विचारलं की तो पुन्हा बसायचा.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा पान वाढलं. दादाने दोन भाकरी खाल्ल्या. शेवया दोनदा घेतल्या. "नको म्हणलो मी," असं तो सांगतो, "पण त्या वाढतच होत्या." मी त्याला विचारलं होतं, चव कशी होती? बिचारा खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "चांगली होती."

मग आत्याबाईंनी परातीत पाय ठेवला, अंगठा धुतला, पाणी बाटलीत भरलं. आणि दादा जीपमध्ये चढताना निरोप दिला, "दवाखान्यात नेलं तर न्या. माझं काही म्हणणं न्हाई. पण पोट फाडू नका म्हणावं. फाडल्या पोटाची बाई वावरात उपयोगाला येत न्हाई."

एवढी परवानगी घेऊन दादा आला. ऊन कलायला लागलं होतं. माझं अंग तोवर थंड पडायला लागलेलं. पोटातली हालचाल सकाळी जाणवत होती. आता ती होती की नव्हती, हे मला सांगता येईना. मी सुईणीचा हात धरून पोटावर ठेवत होते आणि विचारत होते, "हाय का गं?" ती म्हणत होती, "हाय." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने हात काढून घेतला.

आईने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं. ओतताना पदराच्या टोकाने गाळून घेतलं. श्रद्धा होती, पण घाणीची किळसही होती. पाणी पिवळसर होतं. वास मातीचा आणि थोडा खोकल्याच्या औषधाचा. मी डोळे मिटून एका दमात प्यायले आणि मनातल्या मनात आत्याबाईंची माफी मागितली. सगळ्या गोष्टींची एकत्र, कारण एकेक काढायला वेळ नव्हता. मग आई, आबा, दादा, शेजारच्या दोघी, सगळे माझ्या पोटाकडे बघत उभे राहिले. एस्टी स्टँडवर लोक गाडी लागायची वाट बघतात तसे.

"घटकाभर थांबू," आई म्हणाली. "गुण यायला टाइम लागतो."

तेव्हा सुईणीचा तोल गेला. "गुण गेला मसणात! उचला तिला!"

मला गोधडीवर घालून जीपमध्ये ठेवलं. डोकं आईच्या मांडीवर, पाय सुईणीच्या. आबा पुढे. मंठ्यापासून जालन्यापर्यंत रस्त्यात किती खड्डे आहेत हे मला विचारावं. मी त्यांच्यावरून पाठीवर झोपून गेलेली बाई आहे. दर खड्ड्याला आई देवाचं नाव घ्यायची आणि सुईण दादाच्या नावाने शिवी घालायची. शिवीने मला जास्त धीर आला.

नवीन जालन्यात शिरलो तेव्हा दवाखान्याच्या वाटेवरच यांचं गोदाम लागलं. खरंच वाटेवरच. गुरुवारी निघालो असतो तर विचारायचं त्यांनाच विचारता आलं असतं. मूल त्यांचंही होतं. पण त्या दोन दिवसांत, मी धरून, एकाही माणसाच्या डोक्यात ते आलं नव्हतं. दादाने जीप थांबवून हाक मारली. हे धावत बाहेर आले. कपाशीच्या बियाण्याला औषधाची गुलाबी पूड लावतात, तिने कोपरापर्यंत हात गुलाबी झालेले. रंगपंचमी खेळून आल्यासारखे. जीपमध्ये डोकावून त्यांनी मला पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"आईला इचारलं का?"

दादा म्हणाला, "इचारलं. जेवून बी आलो."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोटावर नळी लावली, एका जागी, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. भुवया हलल्या नाहीत.

"कळा कधीपासून आहेत?"

आई म्हणाली, "आज सकाळपास्नं."

सुईण म्हणाली, "काल सकाळपास्नं."

डॉक्टरीणबाईंनी नळी कानातून काढली. "मग कालच का नाही आणलं?"

आबांनी पंख्याकडे पाहिलं. यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. आईने माझ्या कपाळावरचे केस मागे सारले. आणि त्या शांततेत दादाला ढेकर आली. हे मी पदरचं घालते, असं तो अजून म्हणतो. म्हणू दे. शेवया जड असतात.

पोट उघडावंच लागलं. आता मला वाचवण्यासाठी. यांनी कागदावर सही केली तेव्हा सहीशेजारी बोटांचे गुलाबी ठसे उमटले. ते मी टेबलावर नेताना पाहिलं. त्यानंतरचं काही पाहिलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा कुशीत कुणी नव्हतं. मी विचारलंही नाही. दाराशी दादा उभा होता, त्याच्या हातावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि तो वळला तेव्हा लुगड्याचं हिरवं टोक तेवढं दिसलं. एवढंच माझ्या पहिल्या मुलाचं दर्शन. मुलगा होता.

मुलगा होता म्हणून पुढचं सगळं झालं. मुलगी असती तर दोन्ही घरांनी हळहळून, चहा पिऊन विषय मिटवला असता. मुलगा म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या आणि माझ्या खाटेच्या अलीकडे-पलीकडे भांडण उभं राहिलं.

"माझा नातू तुम्ही घालवला, इनबाई. येळेला नेता आलं न्हाई तुमाला?"

"आम्ही घालवला? तुमच्याकडं माणूस गेल्ता! चार घंटे बसवून ठेवला त्याला!"

"मंग काय उपाशी धाडू? चुकलं माझं, जेवू घातलं! अन् पोट फाडू नका म्हणलं होतं, ते बी फाडलं!"

"तुमच्याच लेकानं सही केली!"

शेजारच्या खाटेवरची बाई आपलं बाळ पाजता पाजता कान देऊन ऐकत होती. तिला कोणाचं म्हणणं बरोबर वाटत होतं कोण जाणे. ती दोघींच्याही वाक्याला मान हलवत होती. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? आत्याबाईंना विचारा आधी, असं मीच म्हणाले होते. हे आईला माहीत होतं, पण भांडणात तिने ते काढलं नाही. तेवढी तिची माया.

टाके काढून मला पुन्हा माहेरी आणलं. छातीला दूध आलेलं. अंगाला माहीत नसतं ना, त्याला कोण कळवणार. चोळी भिजायची, छातीचा दगड झालेला असायचा, मी कुणाला हात लावू देत नव्हते. घरातली माणसं माझ्याशी बोलायची ती भिंतीकडे बघून.

एका दुपारी सुईण आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. माजघराचं दार ओढून घेतलं, वाटी घेतली, आणि कोमट पाण्याचा फडका लावून हलक्या हाताने दूध काढायला बसली. वाटी भरली की उठून मागच्या दारी कडुनिंबाच्या बुडाशी ओतून यायची. दूध पायाखाली येऊ देत नाहीत. दुसऱ्यांदा ओतून आली आणि म्हणाली, "पोरी, माझं चुकलं. मी जीपच्या म्होरं आडवं पडायला पायजे होतं."

त्या सगळ्या प्रकरणात चुकलं असं म्हणणारी ती एकटी. आणि एकटी तीच चुकलेली नव्हती.

मी म्हणाले, "मीच म्हणलं होतं ना, इचारा म्हणून."

"तू तर म्हणणारच," ती म्हणाली. "तुला तेवढंच शिकवलं होतं."

त्यावर मला रडायला यायला हवं होतं. दोन आठवडे सगळे त्याचीच वाट बघत होते. पण कळा विसरायला लावणारी ती म्हातारी समोर बसलेली, आणि तिच्याजवळ सांगायला भानगड नव्हती. माझ्याजवळ होती. दादाने कालच मला सगळं सांगितलेलं. मी उशीला टेकून बसले, टाके सांभाळत कमरेवर हात ठेवले आणि आत्याबाईंच्या आवाजात म्हणाले, "उपाशी जाईल? गाव काय म्हणंल?"

सुईणीने मिटका डोळा उघडला. "मंग?"

मी शेवयांचा डबा माळ्यावरून काढला. तीन घरी दूध मागितलं. म्हैस झाले, पळालेलं पारडू झाले, अॅव्हरेज विचारणारे सासरे झाले, नको नको म्हणत पान पुढे करणारा दादा झाले.

"मंग? मंग काय झालं?"

"मंग दुसऱ्यांदा वाढल्या."

सुईणीचं हसू फुटलं. तिच्या हातातली वाटी हिंदकळली, दूध तिच्याच मांडीवर सांडलं, तोंडात पदर कोंबून ती गदागदा हलायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मीही हसत होते, टाके ओढत होते, एका हाताने पोट दाबून धरलं होतं.

आई दार उघडून आत आली. तिला काय दिसलं असेल? भिजलेली चोळी, सांडलेलं दूध आणि खिदळणाऱ्या दोन बायका. ती उंबऱ्यातच थांबली.

"हसता काय गं? पंधरा दिवस न्हाई झाले लेकरू जाऊन. लाज न्हाई वाटत?"

"न्हाई," मी म्हणाले.

आई निघून गेली. मी जेवणाचा भाग पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतला.